कायद्यात न बसणारं धरण : सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी तलावाचं प्रकरण

मोहोळ तालुक्यात सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर एका कुटुंबाच्या मालकीचा मातीचा तलाव आहे, असं धरून हे प्रकरण मांडतो आहे. तलाव, कुटुंब आणि वस्ती प्रातिनिधिक आहेत, आणि मापं या भागातल्या अशा तलावांना साजेशी घेतली आहेत. कायदा, मानकं, सूत्रं आणि ओघात येणाऱ्या दुर्घटना मात्र खऱ्या आहेत.

तलाव असा आहे. ओढ्याच्या तळापासून बांधाचा माथा ९.४ मीटर उंच, बांधाची लांबी ३१० मीटर, पाणलोट क्षेत्र सहा चौरस किलोमीटर. सांडव्यापर्यंत भरला की साठा २.८ लाख घनमीटर, म्हणजे जुन्या मोजणीत दहा दशलक्ष घनफुटांना किंचित कमी. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग आणि उजव्या टोकाला २० मीटर रुंदीचा सांडवा. १९७२ च्या दुष्काळानंतर आजोबांनी स्वतःच्या रानात हा बांध घातला. त्याचा नकाशा नाही, माती कशी दाबली याची नोंद नाही. आज त्या पाण्यावर चार भावांचं डाळिंब, थोडी द्राक्षं आणि ऊस उभा आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा हा तलाव एका रात्रीत भरला आणि बांधाच्या माथ्यापासून जेमतेम हातभर खाली पाणी थांबलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा आणि मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, आणि मग खालच्या वस्तीनं ग्रामसभेत प्रश्न टाकला : वरचं तळं फुटलं तर आमचं काय? ग्रामपंचायतीचं पत्र घरी आलं. त्याच सुमाराला घरात वाटणीची बोलणी चालू होती.

थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, त्यांची माझ्याकडे, म्हणजे तलाव तपासायला आलेल्याकडे, मागणी सरळ होती. "साहेब, आमचं तळं लहान आहे. दहा मीटरच्या आत आहे. धोक्याच्या यादीत येत नाही एवढं लिहून द्या, म्हणजे ग्रामपंचायतीचं तोंड बंद होईल." पुतण्या स्थापत्य अभियंता, पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं उलट होतं : "आण्णा, उंची ओढ्याच्या तळापासून नाही मोजत, पायापासून मोजतात. आजोबांनी वाळू काढून खाली सव्वा मीटर खोदलं होतं. आपण दहाच्या वर जातो."

पहिली बैठक या दहा मीटरवरच गेली.

उंचीचा वाद

पुतण्याचं बरोबर होतं. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला, आणि त्यात उंची मोजायची ती सर्वसाधारण पायाच्या सगळ्यात खालच्या भागापासून माथ्यापर्यंत. त्या हिशेबानं हा बांध १०.६ मीटरचा होतो.

पण त्यानं काही बदलत नाही. १५ मीटरपेक्षा उंच धरण असेल तर ते आपोआप विनिर्दिष्ट धरण, म्हणजे हा कायदा ज्याला लागू होतो असं धरण, ठरतं. १० ते १५ मीटरच्या मधलं असेल तर आणखी एक तरी अट पुरी व्हावी लागते : माथ्याची लांबी ५०० मीटरपेक्षा कमी नको, किंवा साठा दहा लाख घनमीटरपेक्षा कमी नको, किंवा महत्तम पूरविसर्ग सेकंदाला २००० घनमीटरपेक्षा कमी नको, किंवा पाया विशेष अडचणीचा, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. आपला बांध ३१० मीटरचा, साठा २.८ लाखांचा, पूर शंभरातही न जाणारा, पाया साधा मुरूम-खडकाचा, रचना रूढ. पाचही अटी हुकतात. बांध ९.४ चा धरा नाहीतर १०.६ चा, कायद्याच्या यादीत तो येत नाही.

यादीत आला असता तर कुटुंबावर बरंच काही आलं असतं. कायद्यातला 'धरणमालक' म्हणजे फक्त सरकार नव्हे. कंपनी, संस्था, खासगी व्यक्ती, धरण ज्याच्या ताब्यात आहे तो कुणीही त्यात येतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, देखभालीची पुस्तिका, आपत्कालीन कृती आराखडा, ठरावीक काळानं स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूल्यमापन, हे सगळं बंधनकारक झालं असतं. राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेचं लक्षही राहिलं असतं. आपल्याकडे ही संघटना नाशिकला आहे.

सोलापूरकरांना मातीचं धरण नवं नाही. शहराच्या उशाला, अदिला नदीवर, १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुख तलाव आहे, आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. वयानं तो आपल्या तलावाच्या तिप्पट. पण त्याला मालक म्हणून सरकारी खातं आहे, दप्तर आहे. आपल्या तलावाचं दप्तर म्हणजे सातबारा, आणि सातबाऱ्यावर बांधाखालची जमीन 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून लागलेली. बांध दोन गटांत, सांडवा तिसऱ्या गटात, आणि तो तिसरा गट चुलतभावाच्या नावावर. वाटणीत डाळिंबाची बाग कुणाला, विहीर कुणाला, पाण्याची पाळी कशी, सगळं ठरलं होतं. बांध कुणाच्या वाट्याला, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दोन वेगळे प्रश्न

आण्णांना मी म्हणालो की तुमचं धरण कायद्याच्या बाहेर आहे हे मी खुशाल लिहून देतो, ते खरंच आहे. पण ग्रामपंचायतीनं विचारलंय ते वेगळंच आहे. त्यांना विचारायचंय की फुटलं तर काय होईल. त्याचं उत्तर तलावाच्या मापात नसतं, तलावाच्या खाली असतं.

इथं मोठमोठ्यांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. धरणाला दोन प्रकारचे शिक्के बसतात. एक शिक्का धरणाच्या तब्येतीचा : भेगा, गळती, खचणं, झाडी, बिघडलेला दरवाजा. तपासणी अहवालात या त्रुटींच्या तीन श्रेण्या असतात. श्रेणी १ म्हणजे धरण फुटण्याची भीती, श्रेणी २ म्हणजे तातडीनं दुरुस्ती हवी, श्रेणी ३ म्हणजे किरकोळ कामं. दुसरा शिक्का धोक्याच्या वर्गाचा. त्यात धरणाची तब्येत बघायचीच नाही. धरण फुटलं असं गृहीत धरायचं आणि खाली किती माणसं, किती घरं, किती मालमत्ता सापडेल ते बघायचं. केंद्रीय जल आयोगानं नोव्हेंबर २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि चार वर्ग केले. त्यात वर्ग १ सगळ्यात कमी परिणामांचा आणि वर्ग ४ सगळ्यात भयंकर. म्हणजे एका कागदावर 'एक' वाईट आणि दुसऱ्या कागदावर 'एक' चांगला. 'आमचं एक नंबरात आहे' असं कुणी सांगितलं, तर कुठल्या यादीत, हे आधी विचारलं पाहिजे.

ठणठणीत धरणसुद्धा धोक्याच्या वरच्या वर्गात असू शकतं. मोडकळीला आलेला बांध खालच्या वर्गात असू शकतो, खाली नुसतं माळरान असेल तर. आणि बांधाला हात न लावताही वर्ग बदलतो. खाली कुणी घर बांधलं की बदलतो. १९७२ नंतर या ओढ्याकाठी मेंढरं चरत होती. आज तिथं वस्ती आहे. आजोबांनी बांधला तेव्हा हा तलाव खरोखरच निर्धोक होता. आण्णा आजही त्याच काळातलं उत्तर देत होते, आणि त्यात लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

ओढ्यानं खाली

वर्ग ठरवायचा तर बांधावर उभं राहून जमत नाही. ओढ्यानं खाली चालत जावं लागतं.

पहिला अर्धा किलोमीटर ऊस आणि कडवळ, दोन विहिरी, तीन मोटारी. नुकसान होईल, पण शेतीचं. मग ओढ्याच्या वळणावर एक वीटभट्टी, उन्हाळ्यात चालू आणि पावसाळ्यात बंद. पुढं १.८ किलोमीटरवर गावरस्ता ओढा ओलांडतो. तिथं तीन नळ्यांची मोरी आहे, तिच्यातून सेकंदाला पाचेक घनमीटर पाणी जाईल. रस्त्याचा भराव दोन मीटर उंच. भरावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापासून तीस-चाळीस मीटरांत, २६ घरं आणि एक अंगणवाडी. निम्मी घरं पत्र्याची. रात्री तिथं सव्वाशे माणसं झोपतात.

एवढ्यावरच वर्ग ठरला होता. पण सोलापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती कुठल्या मार्गदर्शक तत्त्वात ठळकपणे सापडायची नाही. ऑक्टोबर लागला की साखर कारखान्यांच्या ऊसतोड टोळ्या येतात. टोळीला पाणी जवळ लागतं, बैलांना लागतं, धुण्याभांड्यांना लागतं. मुकादम ओढ्याकाठची पडीक जागा बघतो आणि कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, पडतात. या ओढ्यावर दर हंगामात १५ ते २० कोप्या असतात, वस्तीच्याही खाली, ओढ्याच्या पात्राला लागून. ही माणसं मतदारयादीत नाहीत, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत नाहीत, ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यांत नाहीत. वस्तीनं स्वतःच्या सुरक्षेचं पत्र लिहिलं, त्यातही त्यांचा उल्लेख नव्हता. आणि आपल्याकडचा मोठा पाऊस नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरचा. २०२० ची अतिवृष्टी १४ ऑक्टोबरच्या आसपासची. परतीचा पाऊस आणि टोळ्यांचं येणं एकाच पंधरवड्यात पडू शकतं.

कोपीत झोपलेल्या माणसाला पाण्याची चाहूल लागायला भिंतही नसते. हा हंगामी धोका वेगळा लिहिलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

फुटलं तर किती पाणी

मातीचा बांध एकदम कोसळत नाही. पाणी वरून वाहिलं किंवा आतून पोखरलं की घळ पडते, ती खाली आणि रुंद होत जाते. घळीतून जास्तीत जास्त किती पाणी येईल, याचा अंदाज जुन्या दुर्घटनांवरून बांधलेल्या सूत्रांनी करतात. फ्रोलिश यांचं १९९५ चं सूत्र त्यात बरंच वापरलं जातं : साठ्याचा ०.२९५ वा घात, घळीच्या तळापासूनच्या पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात, त्यांचा गुणाकार आणि गुणांक ०.६०७. साठा २.८ लाख घनमीटर, पाण्याची उंची ८.५ मीटर धरली तर उत्तर येतं सेकंदाला साधारण ३५० घनमीटर. अशा सूत्रात बरीच तफावत असते, निम्मंही येऊ शकतं आणि दुपटीहून जास्तही. तरी पाच घनमीटरच्या मोरीसमोर त्यातला कुठलाही आकडा ठेवा. पाणी रस्त्याच्या भरावाला अडेल, वस्तीत चढेल, मग भराव फुटेल आणि दुसरी लाट कोप्यांवर जाईल. वाटेत पाण्याचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर धरला तर वस्तीपर्यंत १२ ते १५ मिनिटं. रात्री दोन वाजता एवढ्या वेळात कोण कुणाला उठवणार?

वर्ग लिहिला : जास्त धोक्याचा. केंद्राची गुणांकन पद्धत विनिर्दिष्ट धरणांसाठी आहे, तिची सगळी आकडेमोड इथं केली नाही. निष्कर्षासाठी एकच कसोटी पुरेशी होती : धरण फुटलं तर माणसं मरण्याचा संभव आहे का? आहे.

पुतण्यानं विचारलं की एवढ्याशा तलावाला 'जास्त' म्हणणं अतिरेक नाही का. त्याला दोन दुर्घटना सांगितल्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ इथं केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं, बारा मीटरच्या आसपास उंच, एका खासगी महाविद्यालयाच्या मालकीचं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास पावसात ते फुटलं. खाली महाविद्यालयाचाच परिसर होता. ३९ माणसं गेली. दुसरं हवाईतल्या कौआई बेटावरचं का लोको, हेही खासगी मालकीचं जुनं मातीचं धरण. १४ मार्च २००६ ला फुटलं, सात जण गेले. सांडवा बुजवला गेल्याकडे चौकशीनं बोट दाखवलं. आणि दप्तरी त्या धरणाची नोंद होती : कमी धोका. राज्याच्या धरण-तपासणीतून ते सुटलेलंच होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदीत एक गोष्ट मला पटते. तिथं उंची-साठ्याच्या मर्यादा आहेतच, पण जास्त धोक्याचं धरण कितीही लहान असो, ते यादीत येतं. म्हणजे आधी खाली बघायचं, मग माप. आपल्या कायद्यात आधी माप लागतं, आणि मापातून सुटलेल्या धरणाच्या खाली कोण राहतं हे बघायला कुणावर सक्ती नाही. आपल्याकडे लहान तलाव हजारोंनी आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसं गेली, तेही मातीचंच होतं.

बांधाची तब्येत

वर्ग ठरल्यावर मग बांधाकडे वळलो. इथं सापडलं ते दुर्दैवानं जिल्ह्यातल्या बहुतेक खासगी तलावांवर सापडतं.

सांडव्यावर वाळूची पोती होती. दोन थर, अर्धा मीटर उंच, वरून मातीचा गिलावा. दर वर्षी पोळ्यानंतर ठेवतात, एक पाळी जास्त मिळते. घरात कुणालाच यात काही गैर वाटत नव्हतं. त्यांना कागदावर हिशेब दाखवला. सांडव्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत अंतर १.८ मीटर. सांडव्यावरून जाणारं पाणी साधारण १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या खोलीचा दीड घात. पोती नसताना, पाणी माथ्याला टेकेपर्यंत सांडवा सेकंदाला ८२ घनमीटर सोडतो. पोती ठेवल्यावर उरतो १.३ मीटर, आणि सांडवा सोडतो फक्त ५०. अर्ध्या मीटरच्या पोत्यांनी सांडव्याची चाळीस टक्के ताकद गेली. सहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला डिकन्सचं सूत्र लावलं, गुणांक १४ घेतला, तर पूर येतो ५४ घनमीटरचा. म्हणजे पोती असताना असा पूर आला तर पाणी बांधावरून जाणार. आणि मातीच्या बांधाला सगळं चालतं, वरून वाहतं पाणी चालत नाही. २०२० मध्ये हातभर अंतर का उरलं, आणि किती थोडक्यात निभावलं, ते त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना समजलं.

आण्णा बराच वेळ कागदाकडे बघत होते. "आम्ही पाणी वाचवत होतो," म्हणाले.

पोती काढली तरी पुरेसं नाही. ५४ घनमीटरला २० मीटर रुंदीच्या सांडव्यावर १.३६ मीटर खोल पाणी चढतं, माथ्यापर्यंत ४४ सेंटिमीटर उरतात. वाऱ्याच्या लाटा आणि माथ्यावरचे खचलेले भाग धरले तर हे फार थोडं आहे. शिवाय सांडव्याच्या तोंडाशी वेड्या बाभळीचं रान माजलेलं, आणि खालच्या चरात चुलतभावाचा ऊस उभा. सांडवा नावाला २० मीटरचा होता.

दुसरी गोष्ट गळतीची. पायथ्याशी डाव्या बाजूला कायम ओल, लव्हाळं उगवलेलं. पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ पाझर मातीच्या धरणाला असतोच, पाणी गढूळ यायला लागलं तर घाबरायचं, कारण मग बांधाची माती वाहून जातेय. पण ती ओल कुठून आली हे शोधल्यावर कळलं की दहा-बारा वर्षांपूर्वी मोटारीची पीव्हीसी पाइपलाइन न्यायला बांध आडवा खणला होता, पाइप टाकला होता आणि माती परत लोटली होती. लोटलेली माती आणि दाबलेली माती यात फार फरक आहे. पाइपाच्या कडेनं पाणी वाट काढतं, वाट मोठी होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाही बांध खचायला सुरुवात झाली ती पाणी सोडण्याच्या मोरीच्या बांधकामावर. बांधातून आरपार काहीही नेणं हे मातीच्या धरणातलं सगळ्यात नाजूक काम आहे, आणि आपल्याकडे ते गडी लावून एका दुपारी उरकलं जातं.

तिसरी गोष्ट माथ्याची, आणि हिच्यात सोलापूरचं हवामान पुरेपूर आहे. माथ्यावरचा मुरूम वाहून जाऊन गाभ्याची काळी माती काही ठिकाणी उघडी पडली होती. काळी माती वाळली की आकसते, फाटते. इथं वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, दुष्काळी वर्षात तलाव फेब्रुवारीतच कोरडा. सहा-सात महिने उन्हात तापलेल्या गाभ्याला भेगा पडतात, काही हातभर खोल. आणि मग सप्टेंबरात एका रात्रीत तलाव काठोकाठ. मातीला फुगून भेग बुजवायला वेळ मिळायच्या आत वरच्या थरातून पाणी आरपार जाऊ शकतं. सतत भरलेल्या तलावापेक्षा आपल्याकडचा हा कोरडा-भरला तलाव जास्त जपावा लागतो. कोरडा पडला म्हणून लोक त्याच्याकडे बघायचं सोडतात, तेव्हाच तो बघायचा असतो.

बाकी घुशींची बिळं, उतारावरची झाडी, निखळलेलं पिचिंग. हे नेहमीचंच, फार न लिहिता यादीत टाकलं.

कागदाची भीती

दुसऱ्या बैठकीत मधला भाऊ म्हणाला, "हे तुम्ही लिहून दिलं की आम्ही अडकलो. उद्या काही झालं तर म्हणतील, यांना माहीत होतं." ही भीती खोटी नाही. अनेक मालक याच भीतीनं तपासणी टाळतात, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

खासगी तलाव फुटण्याच्या जबाबदारीचा कायदा दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा निकाल लागला, तोच मुळी एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचा. तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं आणि मालकाची चूक सिद्ध न होताही त्याला जबाबदार धरलं गेलं. १८७४ मध्ये आपल्याकडचं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टापुढे, गेलं. दक्षिणेतल्या कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं होतं. न्यायाधीशांनी सांगितलं की या देशात तलाव राखणं ही शेतीची आणि लोकांची गरज आहे, जमीनदारावर ते राखण्याचं कर्तव्यच आहे, म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला दोषी धरता येणार नाही.

आजच्या कोर्टात कुठला धागा पकडला जाईल हे वकिलांनी सांगावं. पण दोन्हींचा अर्थ कुटुंबासाठी एकाच दिशेला जातो. पहिला धागा लागला तर न बघण्यानं काहीच वाचत नाही. दुसरा लागला तर काळजी घेतल्याचा पुरावा हाच बचाव आहे : तारखेनिशी तपासणीची वही, फोटो, दुरुस्तीच्या पावत्या, तहसीलदारांना दिलेलं पत्र. अंगाशी येईल तो कागद ज्यात धोका लिहिलाय आणि पुढं काही केलेलं नाही.

काय ठरलं

पोती त्याच आठवड्यात काढली, त्यावर वाद झाला नाही.

खरा वाद सांडव्यावर झाला. एक पर्याय सांडवा ६० सेंटिमीटर खाली घेण्याचा होता. स्वस्त आणि खात्रीचा, पण पाणपसारा वर अकरा हेक्टरांचा असल्यानं तेवढ्यात साठ हजार घनमीटर पाणी, म्हणजे साठ्याचा पाचवा हिस्सा जातो. डाळिंबाच्या बागांना मार्च-एप्रिलमध्ये तोच हिस्सा लागतो. आण्णांनी साफ नकार दिला आणि त्यांचं म्हणणं मला गैर वाटलं नाही. दुसरा पर्याय रुंदीचा. २० चे ३२ मीटर केले तर ५४ घनमीटरचा पूर सांडव्यावर बरोबर एक मीटर खोलीनं जातो आणि माथ्यापर्यंत ८० सेंटिमीटर मोकळे राहतात. साठा तेवढाच राहतो. फक्त वाढीव १२ मीटर चुलतभावाच्या गटात जातात, शिवाय खालच्या चरातला ऊसही काढावा लागतो. त्यानं बदल्यात उन्हाळ्यातल्या दोन पाळ्या मागितल्या. मिळाल्या. तलाठ्याकडे नोंद होईल असा लेखी करार वाटणीपत्रालाच जोडला, आणि बांध, सांडवा, बांधातली पाणी सोडायची मोरी हे चौघांचं सामाईक, देखभालीचा खर्च पाण्याच्या पाळीच्या प्रमाणात, असं कलम घातलं.

मात्र ५४ चा आकडा अखेरचा नाही, हेही अहवालात लिहिलं आहे. डिकन्सचं सूत्र तो पूर किती वर्षांतून एकदा येतो ते सांगत नाही. भारतीय मानक ११२२३ प्रमाणे एवढ्या पाण्याच्या उंचीचं धरण लहान गटात बसतं आणि त्याला शंभर वर्षांचा पूर धरायचा असतो. पण खाली माणसं असतील तर मोठा पूर धरावा असंही तेच मानक सुचवतं. म्हणून रुंदीकरणाचं संकल्पन जलविज्ञानाच्या जाणकाराकडून पूर काढून घेऊनच करायचं. ३२ मीटर ही किमान रुंदी.

पीव्हीसी पाइप काढून बांध पायऱ्या-पायऱ्यांनी खणून थराथरानं दाबून भरायचा, पायथ्याच्या ओलीवर वाळू-खडीचा गाळणीथर टाकायचा, माथ्यावर मुरमाची जाडी परत आणायची. मोठी झाडं नुसती तोडायची नाहीत, कारण मुळं कुजली की बांधात पोकळ्या राहतात. मुळं काढून खड्डे दाबून भरायचे. हे सगळं तलाव कोरडा असताना, म्हणजे मार्च ते मे.

वस्तीसाठी फोनची साखळी लिहून भिंतीवर लावली : बांधावरचा सालगडी, आण्णा, सरपंच, वस्तीतली दोन घरं, पोलीस पाटील, तहसील नियंत्रण कक्ष. पाणी माथ्यापासून एक मीटरवर आलं की रात्री बांधावर दोघं, ८० सेंटिमीटरवर आलं की वस्ती हलवायची. मातीच्या बांधात लाल-पांढरी पट्टी रंगवलेला दगड रोवला आहे, बॅटरीच्या उजेडात लांबून दिसतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे तहसीलदारांमार्फत अहवालाची प्रत गेली. धरण सुरक्षा कायदा लागू नसला तरी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ ला उंचीची अट नाही.

कोप्यांचं काम सगळ्यात अवघड गेलं. मुकादम म्हणाला, माळावर पाणी कुठाय? त्याचं बरोबर होतं. शेवटी आण्णांच्याच विहिरीवरून माळावर दीड इंची पाइप आणि एक टाकी, असं ठरलं. टोळी आली तेव्हा बऱ्याच कोप्या माळावर पडल्या, काही ओढ्यालाच राहिल्या, कारण बैलांना उतरायला तीच जागा सोयीची. त्यांची नावं आणि मुकादमाचा नंबर फोनच्या साखळीत वर घेतला.

रुंदीकरणाला दोन उन्हाळे लागतील असा पैशांचा हिशेब निघाला. तोवर काय, हा प्रश्न उरला. मी सुचवलं की १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर पाणी सांडव्याच्या अर्धा मीटर खाली ठेवावं. बांधातल्या जुन्या मोरीतून तेवढं पाणी सोडायला दोनेक दिवस पुरतात. आण्णांनी हिशेब केला, पंचावन्न हजार घनमीटर, आणि पाऊस नाही झाला तर ते गेलेलंच. बराच खल झाला. ही अट सांडव्याचं काम पुरं होईपर्यंतच, आणि १५ ऑक्टोबरनंतर हवामान खात्याचा इशारा नसेल तर पाणी भरू द्यायचं, एवढी दुरुस्ती त्यांनी घालून घेतली. चौघा भावांच्या आणि चुलतभावाच्या सह्या झाल्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत जमा केली.